वारसा बदलतो तेव्हां

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

पुण्याच्या पश्चिमेस, मुंबईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला ताथवडें आहे. गांव म्हणावयाचें तें जुन्या संवयीनें. आज तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें, आणि जेथें शेतें होतीं तेथें उंच इमारती व अभियांत्रिकीचीं महाविद्यालयें उभीं आहेत. जवळच हिंजवडी, जेथें सहस्रावधि तरुण संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्यांत दिवस घालवितात. आणि दुसऱ्या अंगास पिंपरी, भोसरीपासून थेट चाकणपर्यंत मोटारी व मोटारींचे सुटे भाग घडविणाऱ्या कारखान्यांची रांग. परंतु पशुसंवर्धनाशीं ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना ताथवडें आठवतें तें निराळ्याच कारणासाठीं. तेथील वळू-माता प्रक्षेत्र त्यांच्या परिचयाचें असतें. जातिवंत गाई सांभाळावयाच्या, आणि त्यांच्या पोटीं पैदाशीसाठीं उत्तम वळू निपजवावयाचे, हें अशा प्रक्षेत्राचें काम.

गाईचें प्रक्षेत्र आणि संगणकाची कचेरी ह्यांचा एकमेकांशीं काय संबंध, असें आपणांस वाटेल. संबंध एका शब्दापुरता आहे, आणि तो शब्द म्हणजे वारसा. दोन्ही धंदे वारशावर चालतात. मात्र त्या दोन वारशांमध्यें एक मोठा भेद आहे, आणि आजचें माझें सारें भाषण त्या एका भेदावर उभें आहे. वासरूं जन्मास आल्यावर गाय आजारी पडली, म्हातारी झाली, तरी वासराचे गुण त्यामुळें बदलत नाहींत. जन्माच्या घटकेस जें मिळालें तें मिळालें. आज्ञावलींतील वारसा तसा नाहीं. तेथें लेकराचा जन्म होऊन दहा वर्षें लोटल्यावरही आई बदलूं शकते, आणि ती बदलली कीं त्याच क्षणीं लेकरूंही बदलतें. लेकरास कोणी हात लावलेला नसतो, त्याची एक ओळही खोडलेली नसते. तरी कालपर्यंत जें तें करीत होतें तें आज करीत नाहीं. आणि ह्याची दवंडी कोणी पिटत नाहीं.

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे, असें समजून कृपा करून नभोवाणी बंद करूं नये. आपल्या मोटारीचा ब्रेक, बँकेंतील खातें, आजीच्या हातांतला फोन, हीं सर्व आज अशा वारशावर विसंबून आहेत.

प्रथम दोन-तीन शब्दांचा परिचय करून देतों. संगणकानें काय करावें हें पायरीपायरीनें सांगणारा मजकूर म्हणजे आज्ञावली. प्रत्येक आज्ञावली कोणी अगदीं आरंभापासून लिहीत नाहीं. तारखा मोजणें, याद्या ठेवणें, यंत्राशीं बोलणें अशीं नेहमींचीं कामें कोणीतरी एकदां चांगलीं लिहून ठेवतो आणि इतर सर्व तीं वापरतात. अशा तयार संग्रहास लायब्ररी म्हणतात. हिच्यांतून पुस्तक घरीं नेऊन परत करावयाचें नसतें. तिच्यांतील काम आपल्या कामास जोडून घ्यावयाचें असतें. ज्या ठराविक नांवांनीं व ठराविक रीतीनें तिच्याशीं बोलावयाचें, त्या ठरावास इंटरफेस म्हणतात. इंटरफेस म्हणजे लायब्ररीचा दर्शनी दरवाजा. आंत काय चालतें हें पाहुण्यानें विचारावयाचें नाहीं. दरवाजा कोठें आहे आणि कडी कशी वाजवावयाची एवढें त्यास ठाऊक असलें म्हणजे झालें.

आतां वारसा. नॉर्वेंत ओस्लो येथें ओले-योहान दाल आणि क्रिस्तेन निगॉर ह्या दोघांनीं 'सिम्युला' नांवाची संगणकाची भाषा रचली, आणि तिच्या १९६७ सालच्या रूपांत ही कल्पना प्रथम व्यवस्थितपणें मांडली. ती अशी : वस्तूंचा एक वर्ग लिहावा, त्या वर्गांत त्या वस्तूची माहिती असावी आणि तिला करतां येणारीं कामेंही असावींत. मग त्या वर्गावरून दुसरा वर्ग काढावा. ह्या दुसऱ्या वर्गास पहिल्याचें सर्व कांहीं आपोआप मिळतें. जेवढें निराळें करावयाचें तेवढेंच नव्यानें लिहावयाचें. पुढें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बियार्ने स्ट्राउस्ट्रुप ह्यांनीं १९७९ पासून ज्या भाषेवर काम केलें, त्या सी-प्लस-प्लस भाषेंत ही पद्धति आली. १९९५ सालीं जगापुढें आलेल्या जावा भाषेनें ती घरोघर पोंचविली. ह्या पद्धतीस ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धति म्हणतात, आणि आपल्या महाविद्यालयांत संगणकाचा विद्यार्थी ती आरंभींच शिकतो.

ह्या पद्धतींतील खरी शक्ति आणि खरा धोका एकाच ठिकाणीं आहे. मूळ वर्ग जेव्हां स्वतःचें एखादें काम करावयास सांगतो, तेव्हां वारसानें तें काम आपल्या रीतीनें लिहिलेलें असेल तर वारसाचें चालतें. नसेल तर मूळचें चालतें. वडिलांनीं हाक मारावी, 'दुकान उघड', आणि तें कसें उघडावयाचें हें मुलानें ठरवावें. मुलगा घरीं नसेल तर वडिलांनीं स्वतः उघडावें. व्यवस्था फार सोयीची आहे. परंतु प्रश्न असा कीं, वडिलांनीं उद्यां हाक मारण्याचे शब्द बदलले तर?

एक उदाहरण रचून सांगतों. समजा, ताथवड्याच्या आसपास एक लहानसा कारखाना आहे. मोटारींच्या ब्रेकची लोखंडी चकती तेथें घासून तयार होते आणि चाकणला जाते. चकतीची जाडी २२ मिलिमीटर असावयास हवी. ५० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा विसावा भाग, इतकें कमीअधिक चालेल, त्यापलीकडे नाहीं. जाडी मोजणारें यंत्र विकत आणलेलें आहे, आणि यंत्राबरोबर त्याच्या निर्मात्यानें एक लायब्ररी दिलेली आहे. तिच्यांत 'तपासणी' नांवाचा वर्ग आहे. नग पुढें आणणें, मोजणें, मग 'स्वीकारावा काय?' असें विचारून त्या उत्तराप्रमाणें नग चांगल्यांत किंवा नापासांत ढकलणें, हा त्याचा क्रम. 'स्वीकारावा काय?' ह्या प्रश्नास त्या वर्गानें स्वतःचें एक उत्तर दिलेलें आहे, आणि तें नेहमींच 'होय' असें आहे. कारण निर्मात्यास कोणाच्या नगाची मर्यादा काय हें कसें कळावें? ज्यानें त्यानें आपल्या वारसवर्गांत तें उत्तर बदलून घ्यावें, अशी अपेक्षा.

आपल्या कारखान्यानें तसें केलें. त्यानें 'ब्रेक-तपासणी' नांवाचा वारसवर्ग लिहिला, आणि त्यांत सांगितलें कीं, माप पूर्ण मायक्रॉनमध्यें येईल. तें २१,९५० ते २२,०५० ह्यांच्यामध्यें असलें तर 'होय', नाहीं तर 'नाहीं'. चार वर्षें काम उत्तम चाललें.

पांचव्या वर्षीं निर्मात्यानें लायब्ररीची नवी आवृत्ति काढली. यंत्र अधिक सूक्ष्म झालें होतें. आतां तें मायक्रॉनचेही अपूर्णांक देऊं लागलें. तेव्हां 'स्वीकारावा काय?' ह्या प्रश्नाबरोबर पूर्वीं पूर्णांक येत असे, त्याऐवजीं आतां अपूर्णांकी संख्या येईल, एवढाच फरक त्यानें केला. फरक चांगल्या हेतूनें केलेला, सुधारणेचाच. कारखान्यानें नवी लायब्ररी घेतली आणि आपली आज्ञावली तिच्याशीं पुन्हां जोडली. जोडण्याचें काम कंपायलर नांवाची आज्ञावली करते; लिहिण्यांतील चुका तीच दाखविते. तिनें एकही चूक दाखविली नाहीं. यंत्र सुरू झालें. नग पुढें येऊं लागले, मोजले जाऊं लागले आणि सर्वच्या सर्व पास होऊं लागले.

झालें काय? कंपायलरच्या दृष्टीनें 'पूर्णांक घेणारा स्वीकारावा काय' आणि 'अपूर्णांक घेणारा स्वीकारावा काय' हीं दोन वेगळीं कामें आहेत. नांव एक असलें तरी घेण्याची वस्तु वेगळी, म्हणून काम वेगळें. आणि एका नांवाचीं अशीं अनेक कामें ठेवण्याची मुभा भाषेनेंच दिलेली आहे. मूळ वर्ग आतां अपूर्णांकवाल्यास हाक मारतो. वारसाकडे तें नाहीं. त्याच्याकडे आहे तें पूर्णांकवालें. तेव्हां वारस घरीं नाहीं असें समजून मूळ वर्ग स्वतःचेंच उत्तर देतो, आणि तें उत्तर आहे 'होय'. कारखान्यानें लिहिलेला नियम आज्ञावलींत जसाच्या तसा आहे. वाचावयास गेलें तर तो बरोबर आहे. फक्त त्यास आतां कोणी विचारीत नाहीं.

ही गोष्ट संगणकाबाहेरही कळण्यासारखी आहे. 'सातबारा' हा शब्द आपल्या सर्वांच्या तोंडीं आहे. तो झाला दोन नमुन्यांच्या क्रमांकांवरून : गांव-नमुना ७ आणि गांव-नमुना १२. जमीन कोणाची, तिच्यावर कोणाचा बोजा, हें सातांत. पिकें कोणतीं, हें बारांत. आतां कल्पना करा कीं, एखाद्या पतपेढीच्या नियमावलींत लिहिलें आहे, 'नमुना ७ आल्यास बोजा तपासावा. इतर कागद आल्यास फाइलीस लावावा'. उद्यां त्या नमुन्याचा क्रमांक बदलून ७-क झाला. अर्जदार ७-क घेऊन आला. कारकुनानें नियम पाहिला. हा नमुना ७ नव्हे. म्हणजे 'इतर कागद'. त्यानें तो फाइलीस लावला. कोणीही नियम मोडला नाहीं, कोणी लांच खाल्ली नाहीं, आणि बोजा मात्र तपासला गेला नाहीं. आपल्या ब्रेकच्या चकतीचें नेमकें असेंच झालें.

श्रोतेहो, ज्या चुकीनें यंत्र थांबतें, ती चूक प्रामाणिक होय. ती खर्चांत घालते, पण फसवीत नाहीं. ४ जून १९९६ रोजीं युरोपचें 'आरियान ५' हें अग्निबाण प्रथमच उडालें आणि सुमारें ४० सेकंदांत नष्ट झालें. आधींच्या 'आरियान ४' ची एक आज्ञावली त्यांत जशीच्या तशी घेतलेली होती. नव्या बाणाचा आडवा वेग जुन्यापेक्षां अधिक, आणि ती संख्या ठेवावयास दिलेली जागा अपुरी. तेथेंही आज्ञावली बदलली नव्हती, भोंवतालची परिस्थिति बदलली होती. परंतु तो नाश जगानें पाहिला, चौकशी झाली, कारण सांपडलें. आपल्या चकतीच्या बाबतींत चौकशी कोण करणार? पास झालेल्या नगांची संख्या वाढलेली पाहून कारखान्यांत कदाचित् पेढेच वाटले जातील.

शब्द बदलल्यामुळें वारस तुटतो, हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार नेमका उलट आहे : ज्याचा संबंध नव्हता त्याचा संबंध जुळतो. समजा, आपल्या वारसवर्गांत 'बंद कर' नांवाचें काम आपणच लिहिलेलें आहे, आणि त्याचा अर्थ दिवसाचा हिशेब बंद करणें. मूळ वर्गांत त्या नांवाचें कांहीं नव्हतें. पुढील आवृत्तींत निर्मात्यानें 'बंद कर' हें नवें काम घातलें. त्याचा अर्थ, धोका दिसतांच यंत्र थांबविणें. नांव तेंच, रीत तीच. सी-प्लस-प्लसमध्यें आपलें जुनें काम आपोआप त्याच्या जागीं जाऊन बसतें. धोका आला, मूळ वर्गानें 'बंद कर' अशी हाक मारली, आणि आपण निमूटपणें हिशेबाची वही मिटली. यंत्र चालूच.

ह्याच्या जवळची एक खरीखुरी हकीकत २०२४ सालीं घडली. अँड्रॉइड फोनसाठीं आज्ञावल्या लिहिणारे अनेक जण कॉटलिन ही भाषा वापरतात. तिच्या लायब्ररींत यादींतील पहिली वस्तु काढून टाकण्याचें एक काम होतें. हें काम यादीच्या वर्गाचें स्वतःचें नव्हतें, बाहेरून जोडलेलें होतें. घरांतील माणूस नव्हे, शेजारी राहून मदत करणारा. सप्टेंबर २०२३ मध्यें आलेल्या जावाच्या २१ व्या आवृत्तींत यादीच्या वर्गालाच त्याच नांवाचें काम मिळालें, आणि अँड्रॉइड १५ नें तें स्वीकारलें. कॉटलिनचा नियम असा कीं, घरांतला आणि शेजारचा एकाच नांवाचे असतील तर हाक घरांतल्यास जावी. लेखकानें आपली एक ओळही बदलली नाहीं. त्यानें केवळ नव्या अँड्रॉइडच्या आधारें आज्ञावली पुन्हां जोडली. हाक आपोआप घरांतल्याकडे वळली. लेखकाच्या हातांतील नव्या फोनवर सर्व ठीक चाललें. पण अँड्रॉइड १४ किंवा त्याहून जुन्या फोनवर तो घरांतला माणूस अद्याप जन्मासच आलेला नव्हता! तेथें ती हाक जातांच आज्ञावली बंद पडे. अँड्रॉइडच्या निर्मात्यांना ह्याबद्दल लेखकांस जाहीर सूचना द्यावी लागली. आपल्याकडे नवा फोन मुलगा घेतो आणि जुना आईकडे जातो, हें आपण जाणतोंच. म्हणजे त्रास झाला तो बहुधा ज्याला कारण विचारतां येणार नाहीं त्यालाच.

तिसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. त्यांत दरवाजा मुळींच बदलत नाहीं, घरांतील वहिवाट बदलते. एका इमारतीच्या दारांची व्यवस्था पाहणारा वर्ग घ्या. त्यांत दोन कामें : 'दार उघड' आणि 'सर्व दारें उघड'. दुसरें काम पहिल्यासच एकेका दारासाठीं हाक मारून केलेलें होतें. आपण वारसवर्ग काढला आणि 'दार उघड' मध्यें एक अट घातली : औषधाच्या कोठीचें दार अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय उघडूं नये. 'सर्व दारें उघड' हें त्याच वाटेनें जात असल्यामुळें अट तेथेंही लागू झाली. पुढें निर्मात्यानें वेग वाढविण्यासाठीं 'सर्व दारें उघड' एका फटक्यांत, 'दार उघड' ला न विचारतां, होईल असें केलें. नांवें तींच, रीत तीच, माहितीपत्रकांत एक शब्दही बदललेला नाहीं. कोठी मात्र उघडी. ह्या सर्व जातीच्या दुखण्यास 'नाजूक मूळ-वर्गाचा प्रश्न' असें म्हणतात. लिओनिद मिखाय्लोव्ह आणि एमिल सेकेरिन्स्की ह्या दोन संशोधकांनीं १९९८ सालीं त्याचा गणिती पद्धतीनें अभ्यास प्रसिद्ध केला, आणि वारसानें व मूळ वर्गानें कोणते नेम पाळले असतां हा प्रश्न उद्भवत नाहीं, हें मांडलें.

चौथा प्रकार कंपायलरला पुन्हां न विचारतां नुसती लायब्ररीची फाइल बदलण्याचा. मोठ्या इमारतीच्या तळमजल्यावर पत्रपेट्यांची ओळ असते. समजा, पोस्टमन नांव न वाचतां मोजून टाकतो : देशपांड्यांची तिसरी, कुलकर्ण्यांची चौथी. एक दिवस सोसायटीनें मधेंच एक नवी पेटी बसविली. पोस्टमनला कोणी सांगितलें नाहीं. तेव्हांपासून देशपांड्यांचीं पत्रें दुसऱ्याच्याच हातीं. सी-प्लस-प्लसमध्यें वर्गाचीं बदलतां येण्यासारखीं कामें अशाच ओळींत, साधारणतः क्रमांकानें ठेवलेलीं असतात; मधेंच एक नवें घातलें तर जुन्या आज्ञावलीची हाक भलत्याच कामास जाते. केडीई ह्या मुक्त संगणक-प्रकल्पानें आपल्या लेखकांसाठीं ह्याबाबत काय करावें व काय करूं नये ह्याची स्वतंत्र नियमावलीच लिहून ठेवली आहे.

येथें एक शंका सहज निघेल. हें सर्व इतकें धोक्याचें आहे, तर ह्यावर इलाज नाहीं काय? इलाज आहेत, आणि कांहीं फार साधे आहेत.

पहिला इलाज म्हणजे वारसानें आपला हेतु बोलून दाखविणें. 'हें काम मी माझ्या मनानें लिहीत नाहीं; मूळ वर्गांतील कामाच्या जागीं लिहीत आहें' असें सांगणारा एक शब्द भाषेंत ठेवावा, म्हणजे कंपायलर मूळ वर्गांत खरोखर तसें काम आहे कीं नाहीं हें ताडून पाहूं शकतो. तो शब्द म्हणजे 'ओव्हरराइड'. २००२ सालीं प्रचारांत आलेल्या सी-शार्प भाषेंत तो आरंभापासून सक्तीचा आहे. जावांत २००४ पासून आणि सी-प्लस-प्लसमध्यें २०११ च्या प्रमाण-आवृत्तीपासून तो ऐच्छिक म्हणून आला. आपल्या कारखान्यानें हा एक शब्द लिहिला असता, तर नवी लायब्ररी जोडतांच कंपायलर अडला असता : 'तुम्ही ज्याच्या जागीं लिहिलें म्हणतां, तसें काम मूळ वर्गांत नाहीं.' सकाळचे दोन तास गेले असते, आणि चकत्या वांचल्या असत्या. मोटारींच्या आज्ञावल्यांसाठीं मिस्रा नांवाची नियमावली जगभर मानतात. तिच्या सी-प्लस-प्लसविषयींच्या २०२३ च्या आवृत्तींत असे शब्द योग्य जागीं लिहिलेच पाहिजेत असा नियम आहे, ह्यांत नवल नाहीं.

दुसरा इलाज लायब्ररीच्या कर्त्याच्या हातीं आहे. ज्या प्रश्नाचें उत्तर त्यास ठाऊक नाहीं, तेथें 'होय' असें सोयीचें उत्तर भरून ठेवूं नये. जागा रिकामी ठेवावी. रिकामी जागा वारसानें भरलीच पाहिजे, नाहीं तर कंपायलर ती वस्तु घडवूंच देत नाहीं. म्हणजे प्रश्नाचे शब्द बदलले तरी गप्प बसतां येत नाहीं. आणि उत्तर भरावयाचेंच असेल, तर तें सावधगिरीचें असावें. ब्रेकच्या बाबतींत न विचारतां दिलेलें 'नाहीं' हें न विचारतां दिलेल्या 'होय' पेक्षां केव्हांही बरें.

तिसरा इलाज जुनें दार न बुजवितां नवें दार काढण्याचा. नव्या रीतीस नवें नांव द्यावें, जुनी रीत कांहीं काळ चालूं ठेवावी, आणि ती केव्हां बंद होणार हें आधीं सांगावें. आवृत्तीच्या क्रमांकांतही पुष्कळ लायब्ररीकर्ते हा संकेत पाळतात : दोन टिंबांनीं विभागलेल्या तीन आंकड्यांपैकीं पहिला बदलला, तर समजावें कीं जुनी जोडणी मोडण्याचा संभव आहे, दुसरा बदलला तर भर पडली आहे, तिसरा बदलला तर केवळ दुरुस्ती. हा संकेत म्हणजे वचन आहे. आणि वचन पाळणें माणसाच्या हातीं असतें, आंकड्याच्या नव्हे.

चौथा इलाज तत्त्वाचा आहे. वारस होण्यापूर्वीं विचार करावा. एखाद्याचें काम आपणांस हवें असेल, तर त्याचें दत्तक जाण्याची गरज नसते. त्यास कामास ठेवलें तरी भागतें. आपल्या वर्गानें लायब्ररीचा वर्ग आपल्या आंत बाळगावा आणि त्याच्या दर्शनी दारानेंच त्याच्याशीं बोलावें. मग त्याच्या घरांतील वहिवाट बदलली तरी आपल्यास तिचा धक्का सहसा लागत नाहीं. उलट, लायब्ररीच्या कर्त्यासही ज्या वर्गाचे वारस निघूं नयेत असें वाटतें, त्यावर मोहोर लावून वारसाचें दार बंद करण्याची सोय बहुतेक भाषांत आहे.

परंतु श्रोतेहो, हे सर्व इलाज करूनही तिसऱ्या प्रकारची चूक निसटते. 'ओव्हरराइड' हा शब्द नांव व रीत ताडतो. मनांतील अपेक्षा ताडण्याची शक्ति त्यास नाहीं. त्यासाठीं शेवटचा इलाज कारखान्यांतील माणसांनींच शिकविलेला आहे, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. मोटारींचे भाग करणाऱ्या पुष्कळ कारखान्यांत पाळी सुरू होतांना तपासणीच्या यंत्रांत प्रथम एक मुद्दाम सदोष ठेवलेला नमुना घालतात. तो नापास झाला, तरच यंत्रावर विश्वास ठेवून काम सुरू करावयाचें. चांगला नग पास झाला ह्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं; बिघडलेलें यंत्रही चांगल्या नगास पासच करतें. वाईट नग अडला, म्हणजे पहारेकरी जागा आहे हें कळतें.

आज्ञावलीलाही हाच न्याय लावावा. ती बरोबर उत्तर देते कीं नाहीं एवढेंच पाहूं नये. ज्यास तिनें नकार द्यावयास हवा, त्यास ती नकार देते कीं नाहीं, हेंही प्रत्येक नवी लायब्ररी घेतल्यावर प्रथम पाहावें. आपल्या कल्पित कारखान्यानें नव्या आवृत्तीच्या पहिल्या सकाळीं २१ मिलिमीटरची एक चकती यंत्रांत सरकविली असती, तर 'होय' हें उत्तर ऐकतांच कोणाच्याही मनांत पाल चुकचुकली असती. ह्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं, एक वाईट चकती लागते.

शेवटीं पुन्हां ताथवड्यास येऊं. प्रक्षेत्रांत गाईची आणि वळूची वंशावळ लिहून ठेवतात, कारण गुण कोठून आले हें पुढें कोणाला तरी विचारावेंसें वाटेल. त्याच परिसरांतील आज्ञावल्या लिहिणाऱ्या तरुणांनींही आपल्या कामाची वंशावळ लिहून ठेवावी : कोणाचा वारसा घेतला, कोणत्या आवृत्तीचा घेतला, कोणत्या भरंवशावर घेतला. ज्याचा वारसा आपण घेतला, त्यास आपलें नांवही ठाऊक नसतें. तो केव्हां बदलेल हें तो आपणांस विचारणार नाहीं. तेव्हां बदल झाला कीं नाहीं हें पाहण्याची जबाबदारी वारसाचीच. आणि ज्यांच्या लायब्रऱ्या इतर लोक वापरतात, त्यांनीं एक गोष्ट ध्यानीं ठेवावी : जें दार एकदां लोकांसाठीं उघडलें, त्या दारानें कोण कोण येतें ह्याची यादी कोणाजवळच नसते. म्हणून तें हलवितांना मोठ्यानें आवाज द्यावा.